जुनी गाडी स्क्रॅपला देताना सरकारी सवलती कशा पदरात पाडून घ्यायच्या?

'जुनी गाडी मोडीत काढा, सरकार पैसे देतं' हे वाक्य आजकाल सगळीकडे ऐकू येतं. त्यात एक मोठी गोची आहे. सरकार तुमच्या खात्यात रोख रक्कम भरत नाही. फायदा मिळतो तो चार वेगवेगळ्या खिशांतून. स्क्रॅपिंग केंद्र लोखंडाचा भाव देतं, राज्य सरकार नव्या गाडीच्या मोटार वाहन करात सूट देतं, केंद्र सरकारच्या नियमाने नोंदणी शुल्क माफ होतं आणि वाहन कंपनी किमतीत थोडी सवलत देते. इलेक्ट्रिक गाडी घेत असाल तर त्याचं अनुदान आणखी वेगळं.

या चारांतला लोखंडाचा भाव सोडला तर बाकी तिन्ही फायदे एका कागदावर अडकलेले आहेत. तो कागद म्हणजे सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, अर्थात नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राने गाडी ताब्यात घेतल्याचं प्रमाणपत्र. आरटीओत आणि शोरूममध्ये सगळे त्याला 'सीडी'च म्हणतात. तो वेळेत आणि तुमच्याच नावावर निघाला पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात: आधी नवी गाडी बुक करून तिची आरटीओ नोंदणी उरकतात आणि मग जुनीचं काय करायचं याचा विचार करतात. नव्या गाडीचा कर एकदा भरला की नंतर आणलेल्या सीडीवर त्याचा परतावा मागत बसण्यात अर्थ नाही. म्हणून खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा.

आधी ठरवा, गाडी मोडायची आहे का?

एक गैरसमज आधी दूर करतो. महाराष्ट्रात खासगी गाडीला १५ वर्षं झाली म्हणून ती आपोआप बाद होत नाही. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल हा वाद दिल्ली-एनसीआरचा, तिथल्या प्रदूषणामुळे न्यायालयात गेलेला. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी सरसकट रद्द झाली ती सरकारी खात्यांच्या, महामंडळांच्या गाड्यांची. तुमची खासगी मोटार तपासणीत पास झाली तर नोंदणीचं नूतनीकरण होतं आणि ती पुढची पाच वर्षं चालते.

पण ते नूतनीकरण आता स्वस्त राहिलेलं नाही. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ६०० रुपयांऐवजी ५,००० आणि दुचाकीसाठी ३०० ऐवजी १,००० रुपये शुल्क झालं. २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते आणखी दुप्पट, म्हणजे मोटारीला १०,००० आणि दुचाकीला २,००० झालं. त्यात पर्यावरण कर, विमा आणि पासिंगआधीची डागडुजी धरा.

माझा सरळ हिशोब असा: गाडी बाजारात चालू हालतीत विकून लोखंडाच्या भावापेक्षा बऱ्यापैकी जास्त पैसे मिळत असतील तर ती विका. स्क्रॅपिंग केंद्र गाडीचं वय, मॉडेल, तुम्ही कितीदा सर्व्हिसिंग केलं यातलं काही बघत नाही, ते वजन बघतं. बारा वर्षांच्या ठणठणीत हॅचबॅकला सेकंडहँड बाजारात दीड लाख येत असताना ती मोडायला नेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. स्क्रॅप परवडतं ते तीन प्रसंगांत: गाडी पासिंगला उभीच राहणार नाही, अपघातात किंवा पुरात गेली आहे, किंवा अंगणात वर्षानुवर्षं पडून आहे आणि टायरांवर गवत उगवलंय. तिसऱ्या प्रकारच्या मालकांनी एक लक्षात ठेवावं. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या पर्यावरण नियमांनुसार आयुर्मान संपलेली गाडी १८० दिवसांत अधिकृत ठिकाणी जमा करणं ही मालकाची जबाबदारी आहे.

सरकार यात पैसे का घालतं?

थोडं विषयांतर, पण पुढचे नियम त्यामुळे समजतात. बीएस-४, बीएस-६ म्हणजे धुराच्या मर्यादा ठरवणारे सरकारी निकष, आकडा मोठा तितके कडक. बीएस-४ डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ८० वर आली. धुरातले कण २५ मिलिग्रॅमवरून ४.५ वर आले. त्याहून जुन्या ट्रकचा आणि आजच्या ट्रकचा फरक तर कितीतरी मोठा आहे. म्हणजे रस्त्यावरची एक जुनी गाडी कमी होणं हे हवेसाठी मोलाचं आहे, मात्र ती खरोखर कमी झाली पाहिजे, दुसऱ्या तालुक्यात जाऊन पुन्हा धावता कामा नये.

हीच अट जगभर दिसते. २००९ च्या मंदीत अमेरिकेने जुन्या गाडीच्या बदल्यात ३,५०० किंवा ४,५०० डॉलरची सूट दिली. आधी ठेवलेले एक अब्ज डॉलर पाहता पाहता संपले, आणखी दोन अब्ज घालावे लागले. तिथे डीलरला जुन्या इंजिनातलं ऑइल काढून सोडियम सिलिकेटचं द्रावण भरून इंजिन चालू करायला लावायचे, जेणेकरून ते जागच्या जागी जाम होऊन कायमचं निकामी व्हावं. आपल्याकडे तेच काम गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर कापून घेणं आणि 'वाहन' या सरकारी ऑनलाइन नोंदणी प्रणालीतून नोंदणी रद्द करणं यातून होतं. म्हणूनच गल्लीतल्या भंगारवाल्याची पावती कुठेच चालत नाही.

आपलं धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालं, स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आले. राज्यांनी त्यात हात घालावा म्हणून केंद्र सरकारने भांडवली खर्चासाठीच्या ५० वर्षांच्या बिनव्याजी कर्जातला वाटा याला जोडला: २०२२-२३ मध्ये २,००० कोटी आणि २०२३-२४ मध्ये ३,००० कोटी रुपये. राज्याने कर सूट द्यावी, जुन्या गाड्यांची थकबाकी माफ करावी, आपल्याच खात्यांच्या गाड्या मोडीत काढाव्यात, तर पैसे. त्यामुळे जुन्या कराची किंवा दंडाची मोठी थकबाकी असेल तर भरण्याआधी आरटीओत सध्या अशी एखादी माफी योजना चालू आहे का, एवढं विचारून घ्या.

पायरी १: कागद साफ करा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, गाडी मोडायला नव्हे. स्क्रॅपिंगचा अर्ज ऑनलाइन भरला की प्रणाली आपोआप काही गोष्टी तपासते: कर्जाचा बोजा, थकीत कर आणि दंड, आरटीओचा ब्लॅकलिस्टचा शेरा, आणि गाडी चोरीच्या किंवा गुन्ह्याच्या नोंदीत आहे का. यातलं एकही अडलं तर अर्ज पुढे सरकतच नाही.

कर्ज कधीच फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, हा प्रकार फार कॉमन. हप्ते संपले म्हणजे बोजा उतरला असं नसतं. बँकेचं ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओतून बोजा उतरवावा लागतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर आधी नव्या बँकेतून जुन्या कर्जखात्याचा शोध घ्यावा लागतो. त्याला आठवडे लागतात, म्हणून हे काम सगळ्यात आधी हाती घ्या.

दुसरं घोळदार प्रकरण म्हणजे गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत. अशा वेळी गाडी आधी वारसाच्या नावावर करा, त्यासाठी फॉर्म ३१ आणि मृत्यू दाखला लागतो. बाकी वारसांच्या संमतीचा कागद सोबत ठेवलात तर पुढे घरातली भांडणं टळतात. 'कशाला नावावर करायची, मोडायचीच आहे' असा सल्ला एजंट देतात. तो ऐकू नका, कारण सीडी आरसीवरच्या मालकाच्याच नावाने निघते.

ई-चलान मात्र घरबसल्या बघता आणि भरता येतात. 'वाहन'मध्ये तुमचा आजचा मोबाइल नंबर आहे ना, हेही त्याच वेळी बघा. ओटीपी दहा वर्षांपूर्वीच्या बंद सिमवर जात असेल तर सगळं तिथेच खोळंबतं.

व्यावसायिक गाडी असेल तर यात परमिट सरेंडर करणं आलं.

पायरी २: केंद्र निवडा, भाव लेखी घ्या

नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांची यादी परिवहन खात्याच्या पोर्टलवर 'व्ही-स्क्रॅप' विभागात राज्यवार मिळते. गाडी महाराष्ट्रात नोंदलेली आहे म्हणून केंद्रही महाराष्ट्रातलंच हवं, असं बंधन नाही. सीमेजवळ राहणाऱ्यांना शेजारच्या राज्यातलं केंद्र जवळ पडू शकतं.

दोन-तीन केंद्रांना फोन करा. फोनवर प्रत्येक जण किलोचा दर सांगतो, पण नुसत्या दरावर जाऊ नका. विचारायचं ते हे: वजन आरसीवरचं धरणार की काट्यावरचं? गाडी उचलून न्यायचा खर्च कोणाचा? बॅटरी, टायर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर कमी घातक करणारा डबा) नसेल तर किती कापणार? कन्व्हर्टरचा प्रश्न गंभीर आहे. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीखालून तो परस्पर काढून नेलेला असतो आणि मालकाला पत्ताही नसतो. म्हणून केंद्राच्या माणसाला बोलावण्याआधी गाडीखाली वाकून सायलेन्सरच्या पाइपमध्ये तो डबा जागेवर आहे का ते बघा.

धोरण आलं तेव्हा स्क्रॅपचं मूल्य नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के असेल असा सरकारचा अंदाज होता. मालकाला त्याहून कमीही मिळू शकतं, कारण भाव पोलादाच्या बाजारावर आणि तुमच्या घासाघिशीवर ठरतो. ठरलेली रक्कम मेसेजवर का होईना, लेखी घ्या.

पायरी ३: गाडी सोपवण्याचा दिवस

मूळ आरसी, आधार, पॅनची प्रत आणि रद्द केलेला चेक एवढं तयार ठेवा. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र लागेल.

माणूस येतो, बॉनेट उघडतो, चेसिस नंबरवरची माती कापडाने पुसतो आणि त्यावर चिकटपट्टी किंवा कागद लावून पेन्सिल घासून ठसा घेतो. जुन्या गाडीत गंजामुळे एखादा आकडा दिसेनासा होतो आणि तिथे सगळं अडतं. आरसीवर आहे तोच नंबर गाडीवर वाचता आला पाहिजे. गंज चढला असेल तर आदल्या दिवशीच थोडं रॉकेल लावून पुसून ठेवा, पण पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर अजिबात लावू नका. घासलेला नंबर म्हणजे छेडछाडीचा संशय.

गाडी जाण्याआधी काढून घ्यायच्या गोष्टी: फास्टॅग, डॅशबोर्डमधले कागद, म्युझिक सिस्टिम (ठरलेल्या भावात ती धरलेली नसेल तर), आणि सीटखाली, डिकीत अडकलेलं सगळं. गाडी ट्रेलरवर चढताना नंबरप्लेट दिसेल असे दोन-तीन फोटो काढून ठेवा.

पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडू नका, असं मी म्हणेन. काही केंद्रं अर्धे आधी, अर्धे गाडी यार्डात पोचल्यावर देतात. तेही ठीक, फक्त तसं लेखी हवं.

पायरी ४: सीडी हातात आल्यावर

गाडी केंद्राने ताब्यात घेतली की सीडी निघते. नंतर गाडी प्रत्यक्ष मोडली की स्क्रॅपिंगचं वेगळं प्रमाणपत्र मिळतं. पहिला कागद सवलतीसाठी, दुसरा तुमच्या सुरक्षिततेसाठी. दोन्ही हवेत. केंद्राने चेसिस नंबरचा कापलेला तुकडा सहा महिने जपून ठेवायचा असतो, त्यामुळे पुढे काही वाद उद्भवलाच तर पुरावा असतो.

सीडीवर तुमचं नाव, नोंदणी क्रमांक, चेसिस नंबर आणि गाडीचा प्रकार अक्षर-अक्षर तपासा. मुदतीची तारीख बघून ठेवा. सीडी हस्तांतरणीय आहे. म्हणजे तुम्हाला लगेच नवी गाडी घ्यायची नसेल तर ती दुसऱ्याला विकता येते, त्यासाठी डिजिईएलव्ही नावाचं ऑनलाइन व्यासपीठही आहे. पण एकदा सवलतीसाठी वापरली की ती प्रणालीत बाद होते. दुसऱ्याकडून विकत घेणार असाल तर आधी ऑनलाइन शहानिशा करा.

शोरूमची 'स्क्रॅप एक्स्चेंज' ऑफर ऐकताना कान टवकारा. जुनी गाडी आम्हीच घेऊन जातो, तुम्हाला काही धावपळ नको, असं सेल्समन गोड बोलून सांगतो. त्याला एकच प्रश्न विचारा: सीडी कोणाच्या नावाने निघणार आणि ती वापरून माझ्या बिलात कराची सूट दिसणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर समजा, सीडीची किंमत तो स्वतः ठेवणार आहे.

पायरी ५: नव्या गाडीच्या बिलात काय दिसलं पाहिजे

केंद्र सरकारने कर सवलतीची कमाल मर्यादा घातली आहे: खासगी वाहनाला २५ टक्के आणि व्यावसायिक वाहनाला १५ टक्के. प्रत्यक्ष किती द्यायचे ते राज्य ठरवतं. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये ही सूट १५ टक्के करण्याचा निर्णय घेतला. ही सूट गाडीच्या किमतीवर नसते, फक्त मोटार वाहन करावर असते. शोरूममध्ये निम्मी निराशा याच गैरसमजातून येते. दुचाकीच्या सीडीवर मोटारीचा कर कमी होईल असंही गृहीत धरू नका.

उदाहरण घेऊ. कर लागू होणारी किंमत ८ लाख असलेली पेट्रोल मोटार. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल मोटारीला ११ टक्के कर, म्हणजे ८८,००० रुपये. त्यावर १५ टक्के सूट म्हणजे १३,२०० रुपये. नोंदणी शुल्क ६०० रुपये माफ. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रवासी गाड्यांच्या कंपन्यांनी शोरूम किमतीच्या १.५ टक्के किंवा २०,००० रुपये यांतली कमी ती रक्कम सोडायची तयारी दाखवली होती. ती अजून मिळत असेल तर ८ लाखांवर १२,००० होते. जुन्या गाडीचे ८०० किलोचे २५ रुपयांनी २०,००० आले असं समजू. एकूण ४५,८०० रुपये. कोणी लाखभराचा फायदा सांगत असेल तर कागदावर मांडून दाखवायला सांगा.

कंपनीच्या सवलतीबद्दल दोन गोष्टी. ती प्रवासी गाड्यांसाठी एक वर्ष आणि ट्रक-बससाठी दोन वर्षं अशा मर्यादित काळासाठी जाहीर झाली होती, शिवाय गाडी गेल्या सहा महिन्यांत स्क्रॅप झालेली असावी अशी अट होती. त्यामुळे आज तुमची कंपनी काय देते ते कोटेशनवर लिहून घ्या. साडेतीन टनांवरच्या ट्रकला ३ टक्के आणि त्याखालच्याला १.५ टक्के असं तेव्हाचं गणित होतं. ट्रकच्या किमती पाहता मालवाहतूकदारांना खरा फायदा इथेच आहे, घासाघीस तिथे करा.

इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर गणित बदलतं

महाराष्ट्राचं २०२५ चं इलेक्ट्रिक वाहन धोरण ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. त्यात इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क माफ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारी व बसना टोलमाफी आहे. आता विचार करा: करच शून्य असेल तर सीडीची १५ टक्के सूट कशावर मिळणार? म्हणून इलेक्ट्रिक घेताना ती सीडी उगाच फाइलला जोडू नका. कंपनी सीडीवर सवलत देत असेल तर वापरा, नाहीतर घरात दुसरी पेट्रोल गाडी घ्यायची असेल तेव्हासाठी ठेवा किंवा मुदत संपायच्या आत विका.

केंद्र सरकारची इलेक्ट्रिक गाड्यांना अनुदान देणारी पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली, तरतूद १०,९०० कोटी रुपये. खासगी चारचाकीला तिच्यात अनुदान नाही. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने योजना ३१ मार्च २०२८ पर्यंत वाढली, पण दुचाकी-तीनचाकीच्या अनुदानाची मुदत ३१ मार्च २०२६ च ठेवली.

ट्रकवाल्यांसाठी मात्र इथे मोठी रक्कम आहे. ई-ट्रकसाठी ५०० कोटी ठेवलेत, साधारण ५,६०० ट्रकना पुरतील इतके. टनेजनुसार एका ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाख रुपये मिळतात. साडेतीन ते १२ टन आणि १२ ते ५५ टन असे दोन गट आहेत. जुन्या डिझेल ट्रकच्या स्क्रॅपिंगचं प्रमाणपत्र इथे ऐच्छिक नाही, सक्तीचं आहे. अनुदान तुमच्या खात्यात येत नाही. कंपनी ते बिलातून वजा करते आणि नंतर अवजड उद्योग मंत्रालयाकडून वसूल करते. तेव्हा बिलात वजा झालेली रक्कम दिसली नाही तर सही करू नका. बॅटरीला पाच वर्षं किंवा ५ लाख किलोमीटर, मोटर आणि गाडीला पाच वर्षं किंवा २.५ लाख किलोमीटर वॉरंटी देणं कंपनीला बंधनकारक आहे, तेही कागदावर घ्या.

एकच ट्रक असलेल्या आणि मिळेल तो माल मिळेल त्या गावी नेणाऱ्या मालकाने केवळ ९.६ लाखांसाठी यात उडी मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बंदर ते गोदाम, खाण ते सिमेंट कारखाना अशी ठरलेली फेरी असेल, दोन्ही टोकांपैकी एका ठिकाणी चार्जर असेल आणि गाडी रोज धावत असेल, तर हिशोब बसतो. आधी चार्जिंगची सोय, मग सीडी, मग बुकिंग.

शेवटची कामं

सीडी मिळाली की विमा कंपनीला कळवा आणि उरलेल्या मुदतीचा विमा रद्द करा. पैसे थोडे असतील, पण नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, सोडू नका. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. विमा कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घेतलं तर तो तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतो, आणि तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विमा हप्त्यावर ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो. कित्येकदा ही रक्कमही बऱ्यापैकी निघते, आणि शोरूमवाला नव्या विम्याचं कोटेशन देताना ती स्वतःहून क्वचितच काढून देतो.

फास्टॅग बंद करून अनामत परत मागा. महिनाभराने 'वाहन'वर जुना नंबर टाकून नोंदणी रद्द झाल्याची स्थिती बघा आणि तिचा स्क्रीनशॉट सीडी व स्क्रॅपिंग प्रमाणपत्रासोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नंबर अजूनही चालू दिसत असेल तर आधी केंद्राला लेखी मेल करा, आणि त्यांनी टाळाटाळ केली तर मेलची प्रत घेऊन आरटीओत जा.